रस्त्याविरुद्ध तक्रार कुणी करायची? मुंबईच्या उपनगरांतल्या ध्वनिरोधक भिंतींचा इतिहास

मुंबईच्या उपनगरांत फिरताना एखाद्या उड्डाणपुलाच्या किंवा मेट्रोच्या कठड्यावर उभे पारदर्शक पत्रे लावलेले तुम्ही पाहिले असतील. बऱ्याच जणांना वाटतं की ते वारा अडवायला आहेत, किंवा गाडीतून कुणी खाली काही फेकू नये म्हणून आहेत. प्रत्यक्षात ते आवाज अडवायला असतात. सरकारी कागदांत त्यांना 'नॉईज बॅरिअर' म्हणतात, आपण ध्वनिरोधक भिंत म्हणू.

आता थोडं थांबून बघा. ही भिंत शंभर-दोनशे मीटर जाते आणि अचानक संपते. पुलावर असते, पण पुलाखालच्या हायवेला नसते. एका सोसायटीसमोर असते, पुढच्या चाळीसमोर नसते. असं का? एवढ्याशा प्रश्नातून संशोधनाचा विषय कसा उभा राहतो, हे या लेखात दाखवायचं आहे. तुम्ही पीएचडीच्या प्रवेशासाठी प्रस्ताव लिहायच्या तयारीत असाल, तर भिंतीपेक्षा प्रश्न विचारायच्या पद्धतीकडे जास्त लक्ष द्या.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मुंबईत कायद्याने आवाजाकडे नेहमी 'कुणीतरी केलेलं कृत्य' म्हणून पाहिलं. लाऊडस्पीकर लावणारा, फटाके फोडणारा, हॉर्न वाजवणारा. रस्त्याचा आवाज मात्र कुणी एकटा करत नाही. आरोपी सापडत नाही, म्हणून तक्रारही उभी राहत नाही. आणि तक्रार नाही, म्हणून भिंत हा रहिवाशाचा हक्क न होता प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातली एक बाब होऊन बसली. आता हे पुराव्याने टिकतं का, ते पाहू.

कायद्याला काय ऐकू येतं?

सुरुवात १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यापासून करू. त्यात संगीत, ध्वनी किंवा गोंगाट यामुळे लोकांना त्रास होत असेल तर तो थांबवण्याचा अधिकार पोलिसांना दिला आहे. म्हणजे आवाज हा सुव्यवस्थेचा विषय, आणि उपाय काय तर आवाज करणाऱ्याला रोखणं.

१९८५ मध्ये डॉ. यशवंत ओक यांनी ध्वनिप्रदूषणाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. मुंबईतल्या आवाजविरोधी चळवळीचा इतिहास बहुतेक जण इथून सुरू करतात. भर मुख्यतः लाऊडस्पीकरवर होता. पुढे 'आवाज फाउंडेशन'च्या सुमैरा अब्दुलाली यांनी हातात मीटर घेऊन सणासुदीला मोजमापं घेतली, ती वर्तमानपत्रांत छापून आली, आणि 'डेसिबल' हा शब्द घराघरांत पोचला.

दरम्यान दिल्लीत कायदे बदलत होते. १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्यात १९८७ साली दुरुस्ती झाली आणि आवाज हा 'हवेचा प्रदूषक' ठरला. १९८९ मध्ये भागानुसार मर्यादा आल्या. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत त्याच मर्यादा आहेत: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०.

आता हे २००० चे नियम नीट वाचा. संशोधनात मूळ मजकूर वाचण्याला पर्याय नाही, कारण माझ्या म्हणण्याला पहिला धक्का इथेच बसतो. नियम ३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की वाहनांच्या वर्दळीमुळे होणारा आवाज कमी करण्याचे उपाय राज्य सरकारने करायचे आहेत. विकास प्राधिकरणं आणि स्थानिक संस्था यांनी नियोजन करताना आवाजाचा विचार करायचा, असंही त्यात आहे. म्हणजे रस्त्याचा आवाज कायद्याला अजिबात ऐकू येत नव्हता, असं म्हणता येणार नाही.

पण मग नियम ७ कडे या. मर्यादेपेक्षा १० किंवा त्याहून जास्त डेसिबल आवाज असेल तर नागरिक तक्रार करू शकतो, आणि प्राधिकरणाने 'उल्लंघन करणाऱ्या'वर कारवाई करायची. हा उल्लंघन करणारा कोण? गणेश मंडळाचा अध्यक्ष सापडतो, हॉलचा मालक सापडतो. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून एका तासात गेलेल्या हजारो गाड्यांपैकी कोणती? एकेक गाडी तिच्यापुरती कायद्यात बसू शकते, आणि त्या सगळ्यांची बेरीज तरीही मर्यादा ओलांडू शकते. नियम ३ ने जबाबदारी दिली, पण ती वसूल करायची वाट नियम ७ ने दिली नाही. या दोन नियमांमधल्या फटीत उपनगरातला रहिवासी सापडलाय. बघा, विधान मोडलं नाही, पण जास्त नेमकं झालं. पुरावा विरोधात गेला की असंच करायचं असतं.

पुढच्या घटनाही याच चौकटीत बसतात. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर ऑगस्ट २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने मोठा निकाल दिला. मूळ विषय उत्सवांचे मंडप आणि लाऊडस्पीकर हाच होता. पण त्या निकालात शहरांचं ध्वनिमापन करून नकाशे बनवायचा आदेश होता, आणि त्यातून महाराष्ट्रातल्या २७ शहरांचं काम नागपूरच्या 'नीरी' या संस्थेकडे गेलं. म्हणजे लाऊडस्पीकरच्या खटल्यातून रस्त्याचा आवाज मोजला गेला, मागच्या दाराने.

आणि २०२० च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी 'पनिशिंग सिग्नल'चा व्हिडिओ टाकला, आठवत असेल. काही निवडक चौकांत सिग्नलला डेसिबल मीटर जोडला, आणि आवाज ८५ च्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून. जगभर त्याचं कौतुक झालं. कल्पना मजेशीर होतीच, पण संशोधक म्हणून बघाल तर तिथेही आरोपी ड्रायव्हरच आहे. रस्त्याची रुंदी, पुलाची उंची, खिडकीपासूनचं अंतर, यांपैकी कशावरही कुणी बोट ठेवत नाही.

रस्ता खिडकीपाशी कसा आला?

१९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द अंधेरी, घाटकोपरच्या पट्ट्यापर्यंत वाढली आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. त्यानंतरच्या दशकांत पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग हे उपनगरांचे दोन कणे झाले. शहराबाहेर जाणारे रस्ते म्हणून ते आखले गेले आणि मग शहरच त्यांच्या दोन्ही बाजूंना वाढत गेलं. रस्ता आधी की घर आधी, हा प्रश्न आवाजाच्या वादात नेहमी येतो. उपनगरांत त्याचं एकच उत्तर नाही. काही ठिकाणी रस्ता आधी होता, काही ठिकाणी गावठाण.

दुसरा टप्पा १९९५ नंतरचा. १९९६ मध्ये एमएसआरडीसी, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळ, स्थापन झालं. नितीन गडकरी सार्वजनिक बांधकाम मंत्री असतानाच्या त्या काळात मुंबईत पन्नासहून अधिक उड्डाणपुलांची योजना आखली गेली. पूल उठला आणि गाड्या थेट दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या पातळीवर आल्या. पुलांचा खर्च वसूल करायला दहिसर, मुलुंड, ऐरोली, वाशी इथे टोलनाके बसले. हलक्या वाहनांना तिथे टोलमाफी मिळाली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये. हा तपशील मुद्दाम देतोय. पुलाची किंमत काढायची आणि वसूल करायची व्यवस्था होती. पुलाच्या आवाजाची किंमत काढायची मात्र कुठलीच व्यवस्था नव्हती.

त्याच १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसनाची नवी योजना आली. बैठ्या वस्त्यांच्या जागी सात मजली, पुढे त्याहून उंच इमारती उभ्या राहू लागल्या. आवाजाच्या दृष्टीने याचा अर्थ काय, ते पुढच्या भागातल्या गणितात कळेल.

तिसरा टप्पा २००२ नंतरचा. जागतिक बँकेच्या कर्जातून 'एमयूटीपी' सुरू झाला. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता आणि सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता त्यातलेच. एक लाखाहून जास्त लोकांचं पुनर्वसन त्यात करायचं होतं. पुनर्वसनाच्या तक्रारी बँकेच्या तपासणी पॅनेलकडे गेल्या, २००५ मध्ये पॅनेलचा अहवाल आला, आणि २००६ मध्ये बँकेने निधी काही काळ थांबवला. मग ८ जून २०१४ ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो धावू लागली, ११.४ किलोमीटर, सगळी खांबांवरून. २०२२-२३ मध्ये अंधेरी ते दहिसर पट्ट्यात लिंक रोडवरून एक आणि हायवेवरून एक, अशा आणखी दोन मेट्रो आल्या.

इथे एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेतल्या यादीत मेट्रो रेल्वे नाही. त्यामुळे असे अभ्यास होतात ते बऱ्याचदा कर्ज देणाऱ्या संस्थेची अट म्हणून. तुम्हाला कागद शोधायचे असतील तर मंत्रालयाआधी कर्जाच्या फायली बघा.

भिंत नेमकं काय करते?

इतिहासाच्या विद्यार्थ्याने गणित का करावं? कारण यंत्र काय करू शकतं हे कळल्याशिवाय लोकांनी त्याच्याकडून काय मागितलं, हे कळत नाही.

आवाज भिंतीला धडकून संपत नाही. तो तिच्या वरच्या कडेवरून वाकून पलीकडे उतरतो. भिंतीमुळे जो वळसा पडतो, तो आवाजाच्या तरंगलांबीच्या तुलनेत जितका मोठा, तितका फायदा जास्त. जपानी शास्त्रज्ञ माएकावा यांनी १९६८ मध्ये प्रयोगांतून काढलेला आलेख आजही या हिशेबाचा पाया मानला जातो. ढोबळ नियम असा: भिंतीने गाडी नजरेआड झाली की साधारण ५ डेसिबल कमी होतात, आणि त्यापुढे उंचीच्या दर मीटरला साधारण दीड डेसिबल. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज अर्धा वाटतो. भिंतीचं वजन दर चौरस मीटरला निदान १० किलो हवं. १० मिलिमीटर जाडीचा पॉलिकार्बोनेटचा पत्रा साधारण १२ किलो भरतो, म्हणून तो चालतो.

आता कागद घ्या. हायवेलगत ३ मीटरची भिंत. गाडी भिंतीपासून १० मीटरवर, इंजिन जमिनीपासून अर्धा मीटर. इमारत भिंतीच्या पलीकडे १० मीटरवर. इंजिनापासून भिंतीच्या टोकाला स्पर्श करणारी सरळ रेघ इमारतीपर्यंत न्या. ती साडेपाच मीटर उंचीवर लागते. म्हणजे तळमजला आणि पहिला मजला आवाजाच्या सावलीत, दुसऱ्या मजल्यापासून वर गाडी सरळ दिसते आणि सरळ ऐकू येते. पलीकडच्या लेनमधली, भिंतीपासून २५ मीटरवरची गाडी घेतली तर तीच रेघ ४ मीटरवर येते. आता साडेचार मीटरवरची पहिल्या मजल्याची खिडकीही गेली. सातव्या मजल्याची, समजा साडेबावीस मीटरवरची, खिडकी फक्त जवळच्या लेनपासून झाकायची तर भिंत साडेअकरा मीटरची लागेल. बैठी वस्ती जाऊन तिथे पुनर्वसनाची इमारत आली की भिंतीचा उपयोग तिथल्या बहुतेक घरांना उरत नाही, तो असा.

तळमजल्याला किती फायदा? दीड मीटर उंचीवर कान धरला तर या उदाहरणात वळसा साधारण ४० सेंटिमीटरचा पडतो. सूत्रात घातलं तर ५०० हर्ट्‌झच्या आवाजात सुमारे १४ डेसिबल कमी, आणि १०० हर्ट्‌झच्या, म्हणजे ट्रकच्या घरघरीसारख्या आवाजात सुमारे ९. म्हणजे हॉर्नची धार बोथट होते, घरघर उरते. प्रत्यक्षात फायदा यापेक्षा कमीच मिळतो, कारण गाड्यांची रांग असते आणि भिंतीत फटी असतात.

फटी हा शब्द अधोरेखित करा. उपनगरातल्या रस्त्याकडेला सोसायटीचं गेट असतं, बसस्टॉप असतो, दुकानं, रिक्षा स्टँड, भाजीवाला. सलग भिंत घालायची तर हे सगळं बंद करावं लागेल. पुलाला यातलं काहीच नसतं. शिवाय पुलावर भिंत गाडीला अगदी खेटून येते. लेन भिंतीपासून ३ मीटरवर आणि भिंत पुलाच्या पातळीपासून ३ मीटर धरली, तर १० मीटर पलीकडच्या इमारतीत पुलाच्या वर सव्वाअकरा मीटरपर्यंत सावली पडते. जवळजवळ चार मजले. सुरुवातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळतं: भिंती पुलांवर दिसतात, कारण तिथे त्या लावता येतात आणि चालतात.

आणखी एक. गुळगुळीत पारदर्शक पत्रा आवाज शोषत नाही, परत फेकतो. एका बाजूला भिंत लावली की समोरच्या बाजूला आवाज थोडा वाढू शकतो. म्हणून 'भिंत लावली' या वाक्यानंतर 'कुणासाठी आणि कुणाच्या समोर' हे विचारायलाच हवं.

बाहेर हा हक्क कसा झाला?

उरलेलं अर्धं उत्तर तुलनेतून मिळतं. लंडनमध्ये १९७० साली 'वेस्टवे' हा उन्नत रस्ता खुला झाला तेव्हा अॅक्लम रोडचे रहिवासी खिडकीपाशी आलेल्या गाड्यांविरुद्ध निदर्शनं करत होते. १९७३ मध्ये ब्रिटनने भरपाईचा कायदा केला. नव्या रस्त्याच्या आवाजाने घराची किंमत घटली तर पैसे, आणि ठराविक पातळी ओलांडली तर दुहेरी काचेच्या खिडक्या. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९६८ पासून भिंती येऊ लागल्या होत्या, आणि १९७० च्या कायद्याने संघराज्याच्या पैशातून होणाऱ्या हायवेंसाठी आवाजाची मानकं ठरवणं सक्तीचं केलं. जपानमध्ये नागोयाच्या रहिवाशांनी १९७४ मध्ये शिंकान्सेनविरुद्ध खटला भरला, आणि १९७५ मध्ये बुलेट ट्रेनच्या आवाजाचं वेगळं मानक आलं.

या तिन्हींत समान काय? उत्तर द्यायची जबाबदारी रस्ता किंवा रेल्वे बांधणाऱ्या संस्थेवर आली. चालक आरोपी राहिला नाही. आपल्याकडे १९८९ च्या मर्यादा 'भागा'ला लागू झाल्या, रस्त्याला नाही. शिवाय रस्त्याचा मालकही बदलत राहिला. द्रुतगती महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडून एमएमआरडीएकडे गेले आणि २०२२ मध्ये महापालिकेकडे आले. तक्रार घेऊन जायचं कुणाकडे, हे दर काही वर्षांनी नव्याने शोधायचं.

तुलना मुंबईच्या आतही करता येते. दक्षिण मुंबईत पेडर रोडचा उड्डाणपूल हा एमएसआरडीसीचाच प्रस्ताव. तिथे रहिवाशांनी वर्षानुवर्षं विरोध केला, लता मंगेशकर आणि आशा भोसले यांनी उघड भूमिका घेतली, आणि तो पूल झालाच नाही. उपनगरांत पूल झाले आणि नंतर काही ठिकाणी पत्रे लागले. यावरून 'श्रीमंतांनी पूल थांबवला, बाकीच्यांना पत्रा मिळाला' असं एका वाक्यात लिहायचा मोह होईल. लिहू नका. उपनगरांतही विरोध, निवेदनं, बैठका झाल्याच असणार, त्या कुठे नोंदल्या गेल्या हे आधी शोधा. नोंद नसणं आणि विरोध नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता तुमचं काम

या विषयावर प्रस्ताव लिहायचा तर मी तुम्हाला चार गोष्टी सुचवेन.

एक, एका टप्प्यापुरतं काम करा. साकीनाका ते घाटकोपर, किंवा बोरिवलीतला हायवेचा एक किलोमीटर. 'मुंबईतलं ध्वनिप्रदूषण' हा विषय पीएचडीला पुरत नाही, कारण तो कधी संपतच नाही.

दोन, आकडा कसा मोजला ते आधी विचारा, किती आला ते नंतर. नियमातली मर्यादा ही काळाची सरासरी आहे. रात्री तीन वाजता एकदाच गेलेल्या डंपरने बाळाची झोप मोडते, ती सरासरीत दिसेलच असं नाही. हातातला मीटर साधारण दीड मीटर उंचीवर असतो, माणसं वीस मीटरवर राहतात. केंद्रीय प्रदूषण मंडळाने २०११ पासून मुंबईसह सात शहरांत सतत मोजणारी केंद्रं बसवली. ती कशावर बसवली आहेत आणि कुठल्या उंचीवर, हे जाऊन पाहा.

तीन, निविदा वाचा. भिंतीची लांबी, उंची, पत्र्याची जाडी हे न्यायालयाच्या निकालात सापडत नाही, निविदेत आणि मोजमाप पुस्तकात सापडतं. माहिती अधिकाराचा अर्ज करताना 'ध्वनिप्रदूषणाबाबत माहिती द्या' असं मोघम लिहू नका. अमुक पूल, अमुक वर्ष, नॉईज बॅरिअरची मंजूर लांबी आणि ती ठरवण्याचं कारण, असं विचारा.

चार, भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या आणि सगळ्या मजल्यांच्या लोकांशी बोला. तळमजल्यावरची बाई सांगेल की आवाज कमी झाला पण वारा गेला. चौथ्या मजल्यावरचे काका सांगतील की त्यांना काहीच फरक नाही. समोरच्या चाळीतलं कुणी म्हणेल, आता आमच्याकडे जास्त येतो. वरचं गणित खरं असेल तर तिघंही खरं बोलत असतील. तुमच्या प्रबंधाला त्या तिघांनाही जागा द्यावी लागेल.

शेवटी, या प्रश्नाला घाई आहे, कारण पूल आणि मेट्रो अजून बांधल्या जातायत. नियम ३ चं पालन कुणी, केव्हा आणि किती केलं, याचा एका किलोमीटरचा जरी नीट पुराव्यासह इतिहास कुणी लिहिला, तरी पुढच्या पुलाच्या सुनावणीत रहिवाशाच्या हातात एक कागद असेल. आज बहुतेकदा त्याच्याकडे फक्त मोबाईलवर घेतलेलं डेसिबलचं रीडिंग असतं, आणि समोरचा अधिकारी विचारतो, 'ठीक आहे, पण कारवाई कुणावर करू?'